साधनं कुणाची, साधन कोण?

मागच्या व्याख्यानानंतर वृत्तछायाचित्रण शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी आम्हाला गाठलं. तक्रार एकच. "सर, आमच्याकडे साधनं नाहीत. विभागात कॅमेरे दोन आणि मुलं तीस. मग संधी कुठून मिळणार?" तक्रार खरी आहे, ती आम्ही उडवून लावणार नाही. पण तत्त्वज्ञानाचा मास्तर शब्दापाशी अडतो. 'साधन' म्हणजे नक्की काय, एवढंच आज पाहू.

आधी आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठातल्या छायाचित्र प्रदर्शनाला आम्ही परीक्षक होतो. एका चित्रात ऊसतोड करणारी बाई होती. डोक्यावर मोळी, चेहऱ्यावर घाम, मागे मावळतं ऊन. चित्राखाली एकच शब्द, 'वेदना'. आम्ही विद्यार्थ्याला विचारलं, "बाईंचं नाव काय?" तो म्हणाला, "सर, विचारायचं राहून गेलं." लेन्स कोणती, उजेड किती, हे मात्र तोंडपाठ. आणि आम्ही काय केलं? पहिलं बक्षीस त्यालाच दिलं. चित्र देखणं होतं ना! ते बक्षीस आम्हाला अजून टोचतं.

आता एक जुनं उदाहरण घेऊ, अमेरिकेतलं. मंदी आणि दुष्काळ यांनी पोळलेल्या शेतकऱ्यांसाठी तिथल्या सरकारने १९३५ मध्ये एक खातं काढलं. पुढे ते फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या नावाने ओळखलं गेलं. त्याच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. हा गृहस्थ छायाचित्रकार नव्हताच बरं का, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा मास्तर होता. कार्ल मायडन्स हा तरुण छायाचित्रकार कापसाच्या मुलखात निघाला, तेव्हा स्ट्रायकरने त्याला विचारलं, कापसाबद्दल तुला काय ठाऊक आहे? फारसं काही ठाऊक नव्हतं. मग स्ट्रायकर त्याला समोर बसवून रात्रीपर्यंत कापसाबद्दलच सांगत राहिला. कॅमेरा आधीच होता. जे कमी होतं ते त्या बैठकीने दिलं.

आमच्या त्या विद्यार्थ्याला अशी बैठक कुणी दिली होती का? नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात, मुकादम उचल देतो ती त्या कोयत्यावर, आणि बाईच्या कष्टाचे पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात, हे त्याला कुणी सांगितलं असतं, तर तो मावळतीची वाट बघत थांबला नसता. त्याने हिशेबाची वही टिपली असती, पैसे मोजणारे हात टिपले असते. चित्रच बदललं असतं.

त्या अमेरिकी विभागाचा संग्रह आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. दीड लाखाहून जास्त कृष्णधवल निगेटिव्ह. ती कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात, उतरवून घेता येतात. स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना भोकं पाडायचा, तीसुद्धा तिथे दिसतात. चित्र निवडताना कात्री कुठे चालली, हे शिकायला याहून चांगलं पुस्तक नाही. आणि यासाठी दोन कॅमेरेही लागत नाहीत.

याच संग्रहात डोरोथिया लँग यांचं 'मायग्रंट मदर' आहे. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. तंबूत बसलेली आई, खांद्यांना बिलगलेली मुलं. हे चित्र पाहिलं नाही असा छायाचित्रणाचा विद्यार्थी सापडणार नाही. चित्रं छापून आली आणि सरकारने त्या तळावर २०,००० पौंड अन्न धाडलं. पण तोवर ती बाई आणि तिची मुलं तिथून निघून गेली होती! तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ते जगाला कळलं १९७८ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी. ती चेरोकी या मूलनिवासी समाजातली होती, हेही तेव्हाच कळलं. तिची तक्रार काय होती? बाईंनी माझं नाव विचारलं नाही, प्रत पाठवते म्हणाल्या, ती कधी आली नाही. नाव विचारलं नव्हतं, हे लँग यांनीही पुढे लिहून ठेवलंय. आणि गंमत पाहा, याच लँग एरवी माणसांची वाक्यं जशीच्या तशी टिपून घेणाऱ्या होत्या. अर्थतज्ज्ञ पती पॉल टेलर यांच्यासोबत १९३९ मध्ये त्यांनी काढलेल्या पुस्तकात चित्रांसोबत त्या माणसांचे बोल छापलेत. म्हणजे पद्धत ठाऊक होती. घाईत राहून गेलं. आमच्या विद्यार्थ्यासारखंच.

कांट सांगून गेला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, तो स्वतःच साध्य आहे. आपण वर्गात साधनं मोजतो, कॅमेरे, लेन्स, प्रयोगशाळा. पण ज्या चित्राला नाव नाही, त्या चित्रातलं माणूसच आपलं साधन होऊन बसतं. कुणाच्या बक्षिसाचं, कुणाच्या नोकरीचं. आमचा आक्षेप आहे तो इथे.

मग संधी सोडायच्या का? मुळीच नाही. मिसुरी विद्यापीठाची 'कॉलेज फोटोग्राफर ऑफ द इयर' ही स्पर्धा जगभरच्या विद्यार्थ्यांना खुली आहे, जरूर भाग घ्या. एडी अॅडम्स यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली न्यूयॉर्क राज्यातली कार्यशाळा शिकवणीचे पैसे घेत नाही. प्रवासखर्च मात्र आपला, आणि इथून तो जड जातो, हेही सांगून ठेवतो. पण हे अॅडम्स कोण? १९६८ मध्ये सायगावच्या रस्त्यावर एक जनरल एका कैद्याला गोळी घालतोय, ते चित्र त्यांचं. त्यावर पुलित्झर मिळालं, आणि त्या चित्राने जनरलचं पुढचं आयुष्य पोखरलं ही सल त्यांना कायम राहिली. शिकायला जाल तेव्हा ती सलही शिकून या.

घराजवळची संधी हवी असेल तर पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये उभा केलेला 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह आहे. मराठीतही वाचता येतो, फुकट. विद्यार्थ्यांनी केलेलं कामही तिथे छापलं जातं. तिथल्या गोष्टींत माणसाचं नाव, गाव, काम, मजुरी असते. ओळीत हे सगळं आलं की चित्राखाली 'वेदना' लिहायची गरज उरत नाही.

शेवटी प्राध्यापक मंडळींना एक सुचवतो. पुढच्या सत्राची परीक्षा अशी घ्या. एक माणूस, एक काम, चार चित्रं. निम्मे गुण ओळींना. आणि विद्यार्थ्याने चित्राची छापील प्रत त्या माणसाला नेऊन दिल्याशिवाय निकाल लावू नका. खर्च किती? एका छपाईचा आणि एसटीच्या तिकिटाचा.

त्या ऊसतोड करणाऱ्या बाईंचं नाव आम्हाला आजही माहीत नाही. परीक्षक म्हणून आम्हीही पुन्हा चौकशी केली नाही. तुम्ही मात्र कराल, एवढी आशा धरून थांबतो. आता तुमचे प्रश्न.