निदान अर्धेच झाले

जेफ ऑर्लोव्स्की यांचा 'द सोशल डिलेमा' हा २०२० सालचा माहितीपट आम्ही पाहिला. गूगल, फेसबुकसारख्या कंपन्या सोडलेली माणसे त्यात सांगतात, की आपण पडद्याला जितके खिळून राहू तितका त्यांचा जाहिरातींचा धंदा वाढतो. म्हणून ज्याला जे रुचते तेच यंत्र त्याच्यापुढे वाढीत राहते. बेन नावाचा कल्पित मुलगा असा एका राजकीय गटाच्या नादी लागून निदर्शनांत पकडला जातो. हा भाग मनास भिडतो.

परंतु निदान अर्धेच झाले, असे आम्हांस वाटते. २०२३ साली न्यायालयाच्या अधिकारांवरून इस्रायलमध्ये दोन तट पडले. २४ जुलैला कनेसेटने ६४ विरुद्ध ० मतांनी कायदा केला. विरोधकांनी मतदानावर बहिष्कार टाकला. १ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ७ मतांनी तो रद्द केला. कायदा गेला, पण आमच्या ओळखीच्या घरांत मामा-भाच्यांचा अबोला राहिला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झाला होता. तेथील गटांत निरोप आल्या क्रमाने दिसतात, यंत्र ते निवडून देत नाही. पुढे धाडतो तो माणूसच.

रुग्णसेवेत आम्ही हेच शिकलो. जंतू बाहेरून येतो खरा, पण हात न धुणारी नर्सच तो खाटेखाटेला नेते. माहितीपट याविषयी फारसे बोलत नाही. वाचकहो, तो जरूर पाहा. मात्र सारा दोष कंपन्यांवर टाकून मोकळे होऊ नका. रागाचा निरोप पुढे धाडण्याआधी, ज्या आप्ताला तो लागेल त्याला एक फोन करा.