सहा कोटी प्रेक्षक मोजले कसे?

परदेशात राहणारी माणसं मायदेशातलं टीव्ही कसं बघतात, या विषयावर सिनॉप्सिस करायचा विचार कोणी करत असेल, तर लिटरेचर रिव्ह्यूमध्ये एक आकडा हमखास भेटेल. 2015 साली ग्लोबलवेबइंडेक्स या बाजारसंशोधन संस्थेने अंदाज मांडला की बीबीसीचं आयप्लेअर ब्रिटनच्या बाहेर सुमारे 6 कोटी लोक वापरतात आणि त्यातले 3.85 कोटी एकट्या चीनमध्ये आहेत. आयप्लेअरवरचे टीव्ही कार्यक्रम ब्रिटनबाहेर अधिकृतपणे दिसत नाहीत, त्यामुळे अर्थ असा लावला गेला की हे सगळे व्हीपीएन लावून बघतात. त्या वेळी खुद्द ब्रिटनची लोकसंख्या साधारण साडेसहा कोटी होती. म्हणजे घरात जेवढी माणसं, जवळपास तेवढीच खिडकीतून डोकावणारी! वर्तमानपत्रांनी आकडा उचलला, व्हीपीएन कंपन्यांना तर आयतीच जाहिरात मिळाली.

आधी यंत्रणा थोडक्यात. मालिका किंवा सामन्याचे हक्क देशवार विकले जातात. आपण साइट उघडली की आपला आयपी ॲड्रेस एका डेटाबेसशी ताडून पाहिला जातो. तिथे जो देश लिहिलेला असेल, तो आपला देश. व्हीपीएन आपली वाहतूक दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून फिरवून आणतं, त्यामुळे साइटला त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक मार्केटा ट्रिंबल यांनी 2012 मध्ये याला 'सायबरट्रॅव्हल' म्हटलं होतं. शब्द छान आहे, पण प्रवाशाची नोंद कुठल्याच नाक्यावर होत नाही, आणि मोजणीची अडचण तिथेच सुरू होते.

आता त्या 3.85 कोटींकडे वळू. असे आकडे ऑनलाइन पॅनेलवरून काढतात. काही हजार लोकांना प्रश्न विचारायचे, 'हो' म्हणणाऱ्यांची टक्केवारी काढायची आणि ती देशातल्या इंटरनेट वापरणाऱ्यांच्या संख्येने गुणायची. 2015 च्या मध्यावर चीनमध्ये सुमारे 66.8 कोटी लोक इंटरनेटवर होते. ढोबळ भागाकार करून बघा, 3.85 कोटी म्हणजे जेमतेम पावणेसहा टक्के. शंभरातल्या सहा जणांनी 'हो' वर टिक केली की झाले चार कोटी प्रेक्षक.

इथे आपल्यापैकी बहुतेकांचं बोट सॅम्पल साइझकडे जातं. समजा सॅम्पल 1000 चं आहे. सहा टक्क्यांच्या आसपास 95 टक्के विश्वासमर्यादा साधारण अधिक-उणे दीड टक्का येते, म्हणजे चीनच्या हिशेबात एक कोटी इकडे-तिकडे. ही चूक मोठी असली तरी सॅम्पल वाढवून कमी करता येते. खरी भानगड दुसरीच आहे. समजा शंभरातल्या तिघांनी नाव ओळखीचं वाटलं म्हणून, किंवा प्रश्नावली एकदाची संपवायची म्हणून टिक केली. तीन टक्के म्हणजे दोन कोटी माणसं, जी अस्तित्वातच नाहीत. आणि सॅम्पल लाखाचं घेतलं तरी हे दोन कोटी जागचे हलत नाहीत. दुर्मीळ गोष्ट मोजताना खोट्या 'हो'चं प्रमाण खऱ्या 'हो'च्या जवळपास पोचू शकतं. रोगनिदानाच्या चाचण्यांत फॉल्स पॉझिटिव्हचा हाच धडा आपण एमएस्सीला शिकतो. सर्व्हे वाचताना मात्र तो वहीतच राहतो.

शिवाय 'आयप्लेअर वापरलं' म्हणजे नेमकं काय केलं? आयप्लेअर रेडिओ त्या वेळी परदेशातही बऱ्यापैकी उघडं होतं. पश्चिम युरोप, ऑस्ट्रेलिया, कॅनडा वगैरे ठिकाणी 2011 पासून 'ग्लोबल आयप्लेअर' नावाचं पैसे भरून घ्यायचं ॲप होतं, ते 2015 मध्येच बंद झालं. म्हणजे परदेशातून 'हो' म्हणणारा माणूस पूर्णपणे नियमात बसणाराही असू शकतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. या सहा कोटींत परदेशस्थ ब्रिटिश किती? बातम्यांतून चित्र उभं राहिलं ते स्पेनच्या किनाऱ्यावर निवृत्तीचं आयुष्य काढणाऱ्या ब्रिटिश आजी-आजोबांचं. पण निम्म्याहून जास्त आकडा चीनचा. ब्रिटिश गुप्तहेरकथा आवडणारा चिनी विद्यार्थी आणि स्पेनमधले आजोबा एकाच खान्यात टाकले, तर त्या आकड्यावरून स्थलांतरितांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आणि त्या आजोबांची गोष्ट व्हीपीएनपासून सुरू झालेलीच नाही. स्पेनमधले ब्रिटिश लोक वर्षानुवर्षं भल्यामोठ्या डिश छतावर लावून ब्रिटनसाठीचे उपग्रह-सिग्नल पकडत होते. 2014 च्या सुरुवातीला बीबीसी, आयटीव्हीच्या वाहिन्या ॲस्ट्रा 2ई या नव्या उपग्रहाच्या ब्रिटनपुरत्या अरुंद झोतावर गेल्या आणि दक्षिण स्पेनमध्ये अनेकांचे पडदे काळे पडले. इंटरनेटवरच्या पळवाटा त्यानंतर त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाच्या झाल्या. म्हणजे सवय जुनी, साधन नवं. फक्त व्हीपीएन मोजणाऱ्याला हा सगळा इतिहास दिसणारच नाही.

या विषयावर पहिलं पुस्तक कोणतं वाचावं, असं विचारलंत तर मी 'जिओब्लॉकिंग अँड ग्लोबल व्हिडिओ कल्चर' सांगेन. संपादक रेमन लोबाटो आणि जेम्स मीस. ॲमस्टरडॅमच्या इन्स्टिट्यूट ऑफ नेटवर्क कल्चर्सने 2016 मध्ये काढलं आणि पीडीएफ मोफत आहे. (विद्यापीठाच्या लॉगिनशिवाय मिळणाऱ्या पुस्तकाची किंमत आपल्याला माहीत आहे.) पहिल्या भागात कायदा, तंत्र आणि सिद्धान्त, दुसऱ्यात चीन, इराण, तुर्कस्तान, क्युबा, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशी देशवार प्रकरणं. पळवाट प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणाने काढली जाते, हे त्यातून छान कळतं. इराणमध्ये आडवं येतं सरकार. ऑस्ट्रेलियात मार्च 2015 पर्यंत नेटफ्लिक्स आलेलंच नव्हतं, म्हणून लोक व्हीपीएन लावून अमेरिकेचं नेटफ्लिक्स बघत, तेही पैसे भरून. 'पायरसी' या एका शब्दात हे सगळं कोंबता येत नाही.

पण याच मांडणीत पुस्तकाची कमजोरी आहे. एकेका देशाचं एकेक प्रकरण केलं की दोन देशांच्या मध्ये राहणारा माणूस कुठल्याच प्रकरणात धड बसत नाही. समाजशास्त्रात विमर आणि ग्लिक शिलर यांनी 2002 मध्ये ज्याला 'मेथडॉलॉजिकल नॅशनॅलिझम' म्हणून झोडपलं, तेच इथे नकळत डोकावतं. देशांच्या सीमा कशा ओलांडल्या जातात हे सांगणारं पुस्तक स्वतःची अनुक्रमणिका मात्र सीमांनुसारच लावतं.

युरोपियन युनियनचा कायदाही याच जागी अडखळतो. 1 एप्रिल 2018 पासून लागू झालेल्या पोर्टेबिलिटी नियमानुसार पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या सदस्य देशातही चालली पाहिजे, पण तिथला मुक्काम तात्पुरता असेल तरच. कायम राहायला गेलेल्या माणसाला तो नियम नाही.

आपल्याकडचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घराला भारतातलं काही बघायचं तर भारतीय आयपी लागतो. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितल्या. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले आणि सिंगापूर, लंडनमधल्या यंत्रांना भारतीय पत्ते दिले. आता प्रेक्षक न्यू जर्सीत, यंत्र सिंगापूरला, पत्ता भारतातला. सर्व्हर लॉग बघून 'भारतातले प्रेक्षक' मोजणाऱ्या संशोधकाने यातलं नेमकं काय मोजलं?

रिसर्च गॅप शोधत असाल तर तारखांकडे बघा. झी5 ऑक्टोबर 2018 मध्ये 190 देशांत गेलं, अमेरिकेत मात्र जून 2021 मध्ये. उलट हॉटस्टारने 2022 च्या अखेरीस अमेरिकेतली आपली स्वतंत्र सेवा बंद केली. अधिकृत दार उघडल्यावर पळवाटा खरंच कमी होतात का, आणि बंद झाल्यावर वाढतात का, हे या तारखांच्या आधी-नंतर तपासता येईल. तेव्हा फक्त व्हीपीएन विचारू नका. भावाचा पासवर्ड आणि यूट्यूबवर कोणीतरी चढवलेले भागही विचारा.

आणि दुबईतल्या मराठी मंडळींना प्रश्नावली पाठवणार असाल तर एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच एक गोष्ट ठरवा. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी बदलणाऱ्याला तिथल्या 2021 च्या सायबर कायद्यात 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे. अशा ठिकाणी गूगल फॉर्मवर ईमेल गोळा करण्याचा पर्याय चालू राहिला, तर तुमच्या एक्सेल शीटमध्ये कोणाचा तरी कबुलीजबाब पडून असेल. संमतीपत्रावर सही घेण्याऐवजी तोंडी संमती चालेल का, हे गाइडना आधी विचारा, आणि मूळ नोंदी कधी पुसणार ती तारीख प्रस्तावातच लिहा.