केंद्रीय नियोजन व संगणक

केंद्रीय नियोजन व संगणक : उत्पादन, वाटप व किंमती यांविषयीचे निर्णय बाजाराऐवजी मध्यवर्ती यंत्रणेने घ्यावयाचे झाल्यास त्यासाठी लागणारे गणित संगणकाने सुटेल काय, हा अर्थशास्त्रातील एक जुना वाद आहे. उत्पादनसाधनांना बाजारभाव नसल्यास आर्थिक हिशेबच अशक्य होतो, असे लूटव्हिख फोन मीझेस याने १९२० मध्ये प्रतिपादिले. ऑस्कार लांगे या पोलिश अर्थशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, संगणकामुळे समीकरणे सोडविण्याची अडचण उरली नसल्याचे मत मांडले. तथापि फ्रीड्रिख हायेक याचा १९४५ मधील आक्षेप निराळा होता : आर्थिक ज्ञान असंख्य व्यक्तींत विखुरलेले असते आणि ते एकत्र आणणे हीच मूळ अडचण होय. लांगे याच्या युक्तिवादाने या आक्षेपाचे निरसन होत नाही.

परभणीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याचा अनुभव येथे उद्‌बोधक ठरतो. व्यापाऱ्यांकडून होणारी पिळवणूक थांबविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. एका राज्यापुरते व एका पिकापुरते हे केंद्रीय नियोजनच होते. शासन हमीभाव ठरवी आणि राज्यातील कापूस खरेदी केंद्रांवरच विकणे बंधनकारक असे. बाहेरील भाव चढले, की कापूस सीमेपलीकडे जाई; ते उतरले, की शेजारच्या राज्यांतील कापूस केंद्रांवर येई. दोन दशकांहून अधिक काळ चाललेली ही योजना तोट्यात गेली व खाजगी खरेदीला वाव देण्यात आल्यावर एकाधिकार संपुष्टात आला.

संगणकामुळे आवक, गाठींचा साठा व चुकारे यांचा हिशेब त्वरित झाला असता, हे निर्विवाद आहे. परंतु केंद्रावर कापसाची जी प्रत नोंदली जाईल, तीच तो खरी मानणार. प्रतवारी करणाराच्या नजरेवर शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते आणि खरेदीदार एकच असल्यास अन्याय झालेल्या शेतकऱ्याला दुसरे दार उरत नाही. हमीभावही केवळ गणिताने ठरत नाही. त्यामागे राजकीय दबाव असतात. अर्थात कर्जाने बांधलेल्या शेतकऱ्याला खुल्या बाजारातही दुसरे दार क्वचितच असते. म्हणून योजनेमागील हेतू अनाठायी म्हणता येत नाही. सारांश, संगणक हा नियोजनाचा उत्तम कारकून होऊ शकेल. पण त्याला पुरविलेल्या माहितीच्या खरेपणाची हमी तो देऊ शकत नाही. ती हमी प्रतवारीविरुद्ध दाद मागण्याच्या व माल अन्यत्र नेण्याच्या शेतकऱ्याच्या हक्कातूनच मिळू शकते.