घर आपले, उतारा कोणाच्या नावे?

तुमची ओळख तुमची आणि तुमचे लेखन तुमचे, असे आश्वासन देणारी समाजमाध्यमे आता स्थिरावू लागली आहेत. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही त्यांतली ठळक नावे. आश्वासन मोठे आहे. म्हणून ते खरेदीखतासारखे ओळ न् ओळ वाचायला हवे.

त्याची गरज का पडली, हे कळण्यास ऑर्कुटचे उदाहरण पुरे. २००४ साली सुरू झालेल्या या संकेतस्थळावर भारतीयांची मोठी गर्दी होती. मराठी मंडळींचे कट्टेही तेथे भरत. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद केले. आपापली माहिती उतरवून घेण्याची मुभा मिळाली, पण ज्या धाग्यांनी माणसे एकमेकांशी जोडली होती, ते धागे कुणाला बरोबर नेता आले नाहीत.

जर्मनीतील ऑयगन रोखको यांनी २०१६ साली मॅस्टोडॉन सुरू केले. येथे एक मालक नाही. व्यक्ती वा संस्था आपापले सर्व्हर चालवतात आणि एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र जावे, तसा त्यांच्यात व्यवहार चालतो. त्यासाठीच्या 'ॲक्टिव्हिटीपब' या नियमावलीला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. आपण अनुसरतो त्यांचे लेखन येथे काळाच्या क्रमाने दिसते. प्रत्येक नोंदीची भाषा सांगता येते आणि सार्वजनिक नोंदींपैकी कोणत्या भाषांतल्या पाहायच्या, तेही ठरवता येते. दुभाषी घरांना ही सोय मोलाची वाटेल.

उणीव दिसते ती बिऱ्हाड हलवताना. सर्व्हर बदलला तर अनुयायी बरोबर येतात; जुने लेखन मागे राहते. त्याची प्रत उतरवून घेता येते, पण नव्या घरी ती मांडता येत नाही. शेजारीपाजारी सोबत आले, पत्रांची पेटी मात्र जुन्याच माळ्यावर, असा हा प्रकार.

ब्लूस्कायने हे दुखणे ओळखले. २०१९ साली ट्विटरच्या पुढाकारातून निघालेला हा प्रकल्प पुढे स्वतंत्र कंपनी झाला. त्याच्या रचनेत ओळख आणि लेखन दोन्ही दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात. तरीही बहुसंख्य लोक कंपनीच्याच सर्व्हरवर नांदतात. हक्क आहे, पण तो बजावणारे थोडे.

शिवाय दोन्हीकडे एक अडचण समान आहे. आपले लेखन अनेक ठिकाणी पोचते. ते पुसल्याचा निरोप पाठवता येतो. तो पाळणे समोरच्या सर्व्हरच्या हाती.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला ताबा यांतले अंतर सीमाभागातील वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. ही माध्यमे घर सोडण्याचा हक्क देतात, सामान नेण्याचा हक्क एकीकडे अर्धा आणि दुसरीकडे बराचसा देतात. दिलेला शब्द परत घेण्याचा हक्क कोणीच पुरता देत नाही. तरीही जुन्या मक्तेदारीपेक्षा ही वाट निश्चित बरी. तिचे खरे मोल मात्र आपल्यावर अवलंबून आहे. गावोगावची ग्रंथालये आणि वाङ्मय मंडळे सर्व्हरचा खर्च आणि रोजची देखभाल अंगावर घेतील, तरच तेथले मराठी लेखन मराठी माणसांच्या ताब्यात राहील. तोवर प्रत्येकाने आपल्या कवितेची एक प्रत घरी ठेवावी, हे बरे.