निवाऱ्याचे दार

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये १९८९ साली ‘ब्लिट्झ एक्सपीरियन्स’ नावाची एक रचना उभी झाली. ती आता राहिलेली नाही. पण नव्वदच्या दशकात मी तिच्यात बसून आलो आहे. अंधारी खोली, बाक, ध्वनिमुद्रित माणसांचे बोलणे. मग बॉम्ब पडल्याचा आवाज होतो आणि बुडाखालचा बाक हादरतो. बाहेर पडावे तर पडझड झालेला रस्ता. शेजारची शाळकरी पोरे किंचाळत होती, हसतही होती. माझ्याही पोटात गोळा आला, हे कबूल केले पाहिजे.

आज डोळ्यांवर यंत्र चढवून युद्धातल्या नागरिकांच्या तळघरात नेणाऱ्या कलाकृती निघतात. त्यांचे समर्थक म्हणतात, प्रेक्षक पीडिताच्या जागी उभा राहतो. मला तो बाक आठवतो. तिथे मला आयती जागा मिळाली होती. आत कसा आलास, हे कुणी विचारले नाही. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला आधी दारच दिसते.

सप्टेंबर १९४० मध्ये ते दार कसे होते? सरकारने वाटलेला अँडरसन निवारा परसात खड्डा खणून बसवायचा असे. पूर्व लंडनच्या दाटीवाटीच्या इमारतींत राहणाऱ्या गोदी कामगारांना, शिंप्यांना परस कुठले? आणि ७ सप्टेंबरचा मोठा मारा झाला तो गोद्यांवर आणि त्यांच्याच वस्त्यांवर. भुयारी रेल्वेची स्थानके निवारा म्हणून वापरू द्यायला सरकार आधी तयार नव्हते. लोकांनी स्वस्तातली तिकिटे काढली, फलाटावर पथाऱ्या टाकल्या. सरकारला नमावे लागले. १४ सप्टेंबरच्या रात्री स्टेप्नीचे कम्युनिस्ट नगरसेवक फिल पिरॅटिन वस्तीतली माणसे, पोरे घेऊन सॅव्हॉय हॉटेलात शिरले. तिथल्या श्रीमंत पाहुण्यांसाठी खाली निजायचीसुद्धा सोय होती. हॉटेलला त्या रात्री त्यांना आत घ्यावे लागले.

यातले काहीही मला त्या अंधाऱ्या खोलीत ऐकू आले नाही. तिथे बॉम्ब होता, शत्रू होता आणि सगळे लंडन एकाच बाकावर होते.

रचनाकारांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. भीती त्यांनी प्रामाणिकपणे उभी केली. पण भीती दिली म्हणजे अनुभव दिला, हे मी मानत नाही. एकदा तरी प्रेक्षकाला दाराबाहेर ठेवायचे होते. चौकीदाराने ‘जागा नाही’ म्हणायचे होते, आणि फटीतून आतला दिवा दिसायला हवा होता. तिकीट काढून आलेले लोक चिडले असते. ती पोरे कदाचित हसली नसती.