आठी आणि सुरकुती : एका औषधावरील आळाची चिकित्सा

बीड तालुक्यातील लिंबागणेश ह्या गावच्या गणपतीचे नाव भालचंद्र. ज्याच्या भाळी चंद्र तो भालचंद्र, एवढा अर्थ सर्वांस ठाऊक असतो. परंतु पुराणांनी ह्या चंद्राच्या मागे दोन शाप लावून दिले आहेत, आणि बोलण्याच्या ओघात त्यांची सरमिसळ होते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. पहिला शाप दक्षाचा. त्याने चंद्राला क्षय लागला. म्हणजे त्याचे अंगच झिजू लागले. दुसरा गणपतीचा. रूपाच्या गर्वाने चंद्र गणपतीला हसला, तेव्हा त्याचे मुख कोणी पाहू नये, पाहील त्याजवर खोटा आळ येईल, असा तो शाप होता. उःशापाने पुढे तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीपुरता उरला. पहिल्या शापात चंद्राचे शरीर बदलते. दुसऱ्यात शरीर आहे तसेच राहते, बदलते ती त्याच्याकडे पाहण्याची रीत. रूप ओसरले असे म्हणताना ह्यांपैकी कोणती गोष्ट घडली, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नव्हे.

हा प्रश्न आज एका अगदी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. कपाळावरील रेषा घालविण्यासाठी बोट्युलिनम विषाची इंजेक्शने घेण्याची रीत महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतून रूढ झाली आहे. ह्या औषधाचे बोटॉक्स हे व्यापारी नाव तर आता सामान्यनामासारखेच वापरले जाते. काही वर्षे ही इंजेक्शने घेतल्यावर पुष्कळांची तक्रार असते, की पूर्वीसारखा गुण येत नाही. तिचे स्पष्टीकरणही तयार असते : अंगाला सवय झाली, औषध अंगवळणी पडले. हे स्पष्टीकरण किती टिकते ह्याची चिकित्सा करणे आवश्यक आहे; कारण चुकीच्या निदानातून निघणारा उपाय ह्या बाबतीत निरुपद्रवी नाही.

प्रथम औषधाचे स्वरूप पाहू जाता असे दिसते, की त्याचा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकालाही अगदी परका नाही. बिघडलेल्या मांसातून होणाऱ्या विषबाधेचे पहिले पद्धतशीर वर्णन युस्टिनुस केर्नर ह्या जर्मन वैद्याने केले. तो कवी म्हणूनही प्रसिद्ध होता. १८२२ मध्ये त्याने ह्याच विषाचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल, असा तर्क मांडला. १८९५ साली बेल्जियममध्ये झालेल्या विषबाधेचा तपास करताना व्हॅन एर्मेंगेम ह्याला ते विष निर्माण करणारा जंतू सापडला. पुढे अमेरिकेतील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट ह्यांनी डोळ्यांच्या तिरळेपणावर त्याचा उपयोग केला, आणि १९८९ मध्ये अमेरिकी शासनाने त्यास मान्यता दिली. पापण्यांच्या आचक्यांवर उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात, हे कॅनडातील कॅरुथर्स दांपत्याच्या ध्यानी आले व त्यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. केवळ रूपासाठी म्हणून भुवयांमधील आठ्यांवर ह्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००२ साली. तात्पर्य, हे आधी रोगाचे औषध होते, मागाहून ते शोभेचे झाले. हा क्रम पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

त्याची क्रिया अशी. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते, तेव्हा स्नायू आवळतो. हे द्रव्य बाहेर पडण्यास जे एक प्रथिन लागते, ते हे विष तोडून टाकते. निरोप पोहोचत नाही म्हणून स्नायू सैल पडतो. परिणाम दोनतीन दिवसांत दिसू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होतो, आणि साधारणतः तीनचार महिन्यांनी ओसरतो. ह्या अवधीत मज्जातंतू नवे धुमारे फोडून तात्पुरते काम चालवितो व अखेर त्याचे मूळचे टोक पूर्ववत कार्य करू लागते. म्हणजे दर खेपेचा परिणाम ओसरणे हे औषधाचे अपयश नसून शरीराने केलेली दुरुस्ती होय. चंद्राची कला महिन्याच्या महिन्यास उतरते म्हणून चंद्र निकामी झाला असे कोणी म्हणत नाही. तक्रार खरी ठरावयाची तर औषधाची प्रत्येक नवी खेप आधीच्या खेपेहून उणी पडली पाहिजे.

आता 'सवय' ह्या शब्दाकडे वळता येईल. अफूची सवय होते, तंबाखूची होते. तेथे तोच अंमल चढण्यासाठी मात्रा वाढवीत न्यावी लागते, आणि ती न मिळाल्यास जीव कासावीस होतो. ह्या इंजेक्शनांच्या बाबतीत असे काही घडत नाही. उलट वारंवार सैल ठेवलेला स्नायू वापराअभावी रोडावतो, आणि कित्येकांना पुढे तेवढ्याच किंवा त्याहून कमी मात्रेत काम भागते. 'सवय' हा शब्द येथे दुसऱ्या औषधांच्या अनुभवावरून उसना आणलेला आहे. उसन्या शब्दाबरोबर उसना उपायही येतो : मात्रा वाढवा, लवकर लवकर घ्या. हा उपाय विपरीत आहे. तो का, हे पुढील मुद्द्यावरून दिसून येईल.

शरीर ह्या औषधाला खरोखर विरोध करू लागते, हे खोटे नाही. मात्र त्याचे नाव सवय नव्हे. विष हे परके प्रथिन असल्यामुळे त्याला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये काहींच्या रक्तात तयार होतात. देवीची लस घेतल्यावर शरीर सावध होत असे, त्याच जातीची ही क्रिया आहे. मोठी मात्रा, वारंवार खेपा, आणि एका खेपेनंतर थोड्याच आठवड्यांत घेतलेली पुरवणी ह्यांमुळे तिची शक्यता वाढते. म्हणून दोन खेपांत निदान तीन महिन्यांचे अंतर ठेवण्याचा संकेत आहे. औषधातील प्रथिनाचे प्रमाणही येथे निर्णायक ठरते. बोटॉक्सच्या आरंभीच्या बनावटीत शंभर एककांमागे सुमारे २५ नॅनोग्राम प्रथिन असे. १९९७ नंतर ते सुमारे ५ नॅनोग्रामवर आणले गेले, आणि मानेच्या आचक्यांवर उपचार घेणाऱ्या रुग्णांत प्रतिद्रव्यांचे प्रमाण बरेच घटले. भुवयांमधील आठ्यांसाठी वापरावयाची नेहमीची मात्रा अवघी २० एकके असते. इतक्या अल्प मात्रेत खरा प्रतिकार उत्पन्न होण्याचे प्रमाण चाचण्यांत शेकडा एकाहूनही कमी आढळले आहे. तक्रार करणारे पुष्कळ, प्रतिकार असलेले थोडे. उरलेल्यांची कारणे अन्यत्र शोधिली पाहिजेत.

त्यांतील काही औषधाच्या कुपीत व देणाऱ्याच्या हातात असतात. कोरडी भुकटी मिठाच्या निर्जंतुक पाण्यात विरघळवून हे औषध तयार होते. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात जपावी लागते. पाणी अधिक पडले, थंडावा राहिला नाही, सुई योग्य स्नायूत गेली नाही, तर गुण कमी येणारच. निरनिराळ्या कारखान्यांची एकके परस्परांशी जुळत नाहीत. एकाची वीस आणि दुसऱ्याची वीस ह्यांत शब्दाचेच साम्य असते. नकली मालाची भर आहे ती वेगळीच. २०२४ मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांत नकली बोटॉक्समुळे लोकांना अपाय झाल्याचे तेथील शासकीय आरोग्यसंस्थेने जाहीर केले होते. मराठीत वैद्याच्या यशाला 'हातगुण' म्हणतात. हा शब्द श्रद्धेचा असला तरी त्यात एक निरीक्षण दडलेले आहे : गुण केवळ औषधाचा नसतो.

परंतु सर्वांत दुर्लक्षित कारण चेहऱ्यातच आहे, आणि ते समजून घेण्यास मराठी भाषा विशेष साहाय्य करते. मराठीत कपाळाला आठी 'घालतात'. सुरकुती कोणी घालीत नाही, ती 'पडते'. आठी ही क्रिया आहे. नाट्यशास्त्रात भ्रूकर्माचे सात प्रकार सांगितले असून भ्रुकुटी हा त्यांतील एक. भाव प्रकट होतो तो अशा अनुभावांतून, आणि भाव ओसरला की अनुभावही मावळतो. सुरकुती मात्र कोणत्याही भावाची खूण नव्हे. ती त्वचेत राहिलेली कायमची मोड आहे. लुगडे वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवले, तर उलगडल्यावरही घडीची रेघ जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा स्नायू सैलावला तरी ही रेघ उरते. हे इंजेक्शन आठीवरचे औषध आहे, सुरकुतीवरचे नव्हे. पस्तिशीत ज्या रेषा केवळ आठ्या होत्या, त्यांतील काही पन्नाशीत सुरकुत्या झालेल्या असतात. औषध पूर्वीइतकेच काम करीत असते. त्याच्या हाती असलेले काम मात्र कमी झालेले असते.

त्वचेतील हा बदल कशाने होतो ह्याचे उत्तर लिंबागणेशच्या परिसरात कपाळांवरच वाचावयास मिळते. बालाघाटाच्या उन्हात उभे आयुष्य काढणाऱ्या शेतकऱ्याचे डोळे उन्हाने बारीक होतात, त्याबरोबर भुवया जवळ येतात आणि आठी पडते. तेच ऊन त्वचेला ताण देणारे कोलॅजेन तंतू झिजवून आठीचे सुरकुतीत रूपांतर करते. दर वर्षी ऊसतोडीसाठी घर सोडून जाणाऱ्या ह्या जिल्ह्यातील मजुरांचे चेहरे वयाआधी का उतरतात, त्याचे एक कारण येथे सापडते. शहरातील मनुष्य सुईने स्नायू थांबवितो, परंतु ऊन, धूम्रपान व वय ह्यांना थांबवीत नाही. म्हणून त्याच्या कपाळावरही, काहीशा संथ गतीने, तेच घडत राहते. आणखी एक गोष्ट अशी, की एक स्नायू निजविला म्हणजे शेजारचे स्नायू त्याचे काम अंगावर घेतात. भुवयांमधली आठी जाते आणि नाकाच्या बाजूस नव्या रेघा उमटतात. पाहणारा म्हणतो, गुण आला नाही.

आठी वेळीच थांबविली तर सुरकुती लांबणीवर पडते, असे प्रतिपादन ह्यावर करता येईल, आणि त्यास थोडा आधारही आहे. २००६ साली एका जुळ्या बहिणींची पाहणी प्रसिद्ध झाली. एकीने तेरा वर्षे नियमाने ही इंजेक्शने घेतली होती, दुसरीने केवळ दोनदा. पहिलीच्या कपाळावर कायमच्या रेघा दिसत नव्हत्या, दुसरीच्या दिसत होत्या. दीर्घ उपचाराने औषध निकामी होतेच असे नाही, ह्याचा हा बोलका दाखला होय. मात्र एका जोडीवरून नियम बांधता येत नाही, हे पथ्य येथेही पाळिले पाहिजे.

अखेरचे कारण पाहणाराच्या दृष्टीत आहे. पहिल्या खेपेची तुलना आठ्यांनी भरलेल्या कपाळाशी होते, म्हणून फरक ठळक दिसतो. पाचव्या खेपेची तुलना होते ती चौथ्या खेपेने गुळगुळीत केलेल्या कपाळाशी. आधीची रेघ स्मरणातून गेलेली असते. नवी तेवढी डोळ्यांत भरते. परिणाम तेवढाच राहूनही त्याचे नावीन्य ओसरते, आणि नावीन्याचा हा क्षय औषधाच्या माथी मारला जातो. पूर्वीची व आताची छायाचित्रे एकाच प्रकाशात, एकाच मुद्रेत समोर ठेवली, तर अशा अनेक तक्रारींचा निकाल तेथेच लागू शकेल.

ह्या सर्व कारणांतून खरा प्रतिकार वेगळा काढण्याची एक परीक्षा वैद्यकाने बसविली आहे, व तिचे साधेपण लक्षणीय आहे. एकाच बाजूच्या भुवईजवळ ठराविक मात्रा द्यावयाची आणि काही आठवड्यांनी रुग्णास कपाळाला आठी घालावयास सांगावयाचे. एक बाजू सैल व दुसरी आवळलेली दिसली, तर औषध लागू पडत आहे. दोन्ही बाजू सारख्याच आवळल्या, तर प्रतिकाराचा संशय बळावतो. येथे आरोपीची साक्ष भाळानेच द्यावयाची असते. ही साक्ष न घेता मात्रा वाढविणे व खेपा जवळ आणणे म्हणजे जो प्रतिकार नव्हता तो निर्माण होण्यास वाव देणे होय. आळ खरा करण्याचा हा मार्ग आहे.

ह्यात काय पणास लागते, ते औषधाच्या इतिहासावरून समजते. मान एका बाजूस ओढली जाणे, पापण्या मिटून राहणे, अर्धांगानंतर हात आखडणे, मेंदूच्या विकाराने मुलांचे पाय ताठरणे, ह्या व्याधींत आजही हेच विष उपयोगी पडते. शोभेसाठी केलेल्या घाईतून ज्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये साठली, त्याच्यावर पुढे असा प्रसंग आल्यास हे औषध कामी न येण्याचा संभव असतो. कित्येक वर्षे उपचार थांबविल्यावर काहींची प्रतिद्रव्ये उतरतात, विषाचा दुसरा प्रकारही वापरून पाहता येतो; परंतु ह्या दोहोंची हमी नाही. कपाळावरील एका रेघेसाठी द्यावयाची ही किंमत लहान म्हणता येणार नाही.

'गुण येत नाही' ह्या तीन शब्दांत अशा रीतीने निदान चार वाक्ये दडलेली आहेत : रक्ताने विरोध केला, कुपीत वा हातात उणीव राहिली, आठीची सुरकुती झाली, किंवा पाहणाराचे माप बदलले. पहिले वाक्य खरे असते ते क्वचित, आणि बोलले जाते ते सर्रास. त्वचेचा क्षय हा दक्षाच्या शापासारखा खरा आहे. त्यावर सुईचा इलाज नाही. औषधावर येणारा ठपका मात्र बव्हंशी चतुर्थीच्या चंद्रासारखा, म्हणजे पाहण्यातून उपजलेला असतो. ह्या दोहोंतील भेद 'सवय' ह्या एका शब्दाने पुसला जातो; आठी आणि सुरकुती हे शब्द तो कधीपासून जपून ठेवीत आले आहेत.