अपुऱ्या पोथीचा वारसा

नव्या करारात 'आजी' हा शब्द एकदाच येतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात त्याच्या विश्वासाची वंशावळ दिली आहे, आणि ती बापाकडून येत नाही. आजी लोईस, आई युनीके आणि मग तीमथ्य, असा तिचा क्रम आहे. बाप ग्रीक होता, एवढेच 'प्रेषितांची कृत्ये' सांगते. हे पत्र पौलाचे स्वतःचे की त्याच्या परंपरेतल्या कोणाचे, हा अभ्यासकांचा वाद आहे. मला इथे तो लागत नाही. मला लागते ते एवढेच, की लोईसने नातवाला काय शिकवले याबद्दल तिथे अक्षर नाही. विश्वास आधी तिच्यात वस्तीला होता, इतकेच सांगितले आहे.

या एका ओळीपाशी मी बरेच दिवस थांबलो आहे, त्याला कारण घरातलेच आहे. आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. माझी नात सात वर्षांची आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, तिचं ती ठरवेल, तुम्ही काही लादू नका." त्याचे चुकत नाही. लहानपणी मला वचने पाठ करायला लावली गेली, चुकले की हातावर छडी बसे. ती वचने मी पुढे पंचवीस वर्षे उघडली नव्हती. मग आजोबाने नातीला द्यायचे तरी काय? उत्तरासाठी मी धर्मशास्त्राकडे न जाता 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घेतले. मी विद्यापीठात शिकलेला नाही. जे वाचले ते एकट्याने आणि उशिरा. त्यामुळे माझ्या वाचनाला शिस्त कमी असेल, पण गरज खरी आहे.

मराठी ख्रिस्ती आत्मकथनाची सुरुवात बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'ने धरतात. ते पुस्तक शोधाचे आणि युक्तिवादाचे आहे. शंका, ग्रंथवाचन, वादविवाद, मनाची ओढाताण आणि अखेर १८५४ मधला बाप्तिस्मा असा त्याचा मार्ग आहे. पहिल्या पिढीच्या शिष्याला घर सोडावेच लागते, म्हणून तिथे वडीलधारी माणसे अडथळा म्हणून उभी असतात. विश्वास घरात शिरून खाली नातवंडांपर्यंत कसा उतरतो, हा प्रश्न त्या पुस्तकापुढे येतच नाही. तो लक्ष्मीबाई टिळकांपुढे आला.

'स्मृतिचित्रे'ला आपण फार लवकर प्रेमकथा करून टाकतो. नारायण वामन टिळकांचा भोळा स्वभाव, लक्ष्मीबाईंचा विनोद आणि दोघांची भांडणे यांनी आपण खूश होतो. पण नीट वाचले तर ख्रिस्ती विश्वास या बाईंकडे प्रथम आला तो जखम होऊन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि चार वर्षांचा मुलगा पदरात असलेल्या पत्नीचा संसार एका दिवसात मोडला. पुढची काही वर्षे त्या पंढरपूरला नातलगांच्या आधाराने राहिल्या. नवऱ्याच्या शिष्यत्वाची किंमत बायकोने मोजली. ही बाजू लक्ष्मीबाईंनी झाकलेली नाही, आणि आपणही झाकू नये.

प्रेम दिसते ते त्यानंतर. त्या टिळकांकडे परतल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांच्यासोबत आले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ब्राह्मणी चूल पेटत राहिली आणि टिळकांनी ती पेटू दिली. पुस्तकाच्या सुरुवातीची पाने आठवली म्हणजे याचे मोल कळते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे इतके विकोपाला गेलेले, की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यावी लागे. धर्माच्या नावाने घरातल्या बायकामुलांवर सक्ती कशी होते, हे त्यांनी बाळपणीच पाहिले होते. आता दुसऱ्या धर्माच्या घरात त्यांच्यावर सक्ती झाली नाही. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हे त्यांना आतून उमगले आणि कोणाच्याही हातचे पाणी प्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. माझ्या मते पुस्तकाचा कणा हा क्रम आहे. आधी माणसाच्या हातचे पाणी, मग बाप्तिस्म्याचे.

याची दुसरी कसोटी बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोंबरे टिळकांच्या घरी आले आणि तिथे मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांचे रुसवे काढले, हट्ट पुरवले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ मध्ये भादली स्टेशनावरच्या अपघातात गेले तेव्हाही नव्हते. मायेत काही उणे पडले असे पुस्तकात कुठे दिसत नाही. प्रेम हे धर्मांतराचे आमिष असते, तर त्याचा हिशेब इथे चुकता झाला नाही म्हणून कडवटपणा दिसला असता. टिळकांनीही अखेरीस 'देवाचा दरबार' काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा ठेवली. घरात जे आधी घडले, त्याला पुढे संस्थेचे रूप आले, असे मला वाटते.

आता वारशाकडे येतो. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि थोडेच अध्याय लिहून १९१९ मध्ये ते गेले. रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात साठाहून अधिक अध्याय घातले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी आले; १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा तेही अपुरेच होते. ते पुत्र देवदत्त यांनी पुरे केले. आणि आजीच्या या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती संपादून टिपांसह वाचकांपुढे ठेवली ती नातू अशोक देवदत्त टिळक यांनी. या घराण्यात वारसा म्हणून पुढच्या हाती आली ती दर वेळी अर्धी राहिलेली वही.

यावर आक्षेप येईल की ग्रंथ जपणे म्हणजे विश्वास जपणे नव्हे. मान्य आहे. संपादनावरून कोणाच्या अंतःकरणाचा निवाडा मी करणार नाही. पण कशा प्रकारचे पुस्तक जपले गेले, हे पाहावे. लक्ष्मीबाईंनी स्वतःचा राग, संशय, फजिती आणि नवऱ्याचे अन्याय सगळे ठेवले. ते गाळले असते तर नातवंडांच्या हाती पूजेची तसबीर आली असती. तसबिरीला हार घालता येतो, तिला प्रश्न विचारता येत नाहीत. आजीने स्वतःच्या शंका लपवल्या नाहीत, म्हणून नातवालाही शंका घेण्याची मोकळीक उरली. शिष्यत्वाचे शिक्षण याहून वेगळे काय असते, मला सांगता येणार नाही.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. 'उपासना संगीता'तली टिळकांची भजने तिला तोंडपाठ, पण शुभवर्तमान वाचायला तिला मी लागे. दिवेलागणीला ती म्हणे, "बाळा, वाच रं जरा, मला कुठं येतंय." मी अडखळलो की ती पुढचा शब्द सांगे. माझ्या वाचनाची सुरुवात तिथली. छडीने जी वचने माझ्यापासून तोडली, ती पुढे परत आली ती तिच्या आवाजात. तिच्याकडे जे नव्हते तेच तिने माझ्याकडे मागितले, आणि त्या मागण्यातून मला सगळे दिले.

आता माझेही डोळे संध्याकाळी दुखतात. परवा नातीला लोईसचे पान उघडून दिले. तिने जोडाक्षरे फोडत फोडत वाचले आणि विचारले, "आजोबा, ही आजी त्याला काय सांगायची?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मग आपण लिहू या ना," ती म्हणाली, आणि पेन्सिल शोधायला गेली.